वरणात कालवलेली गोळी

(दृश्य: सकाळचे साडेआठ. सरकारी मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग. खिडकीसमोर रांग. हातात प्लास्टिकच्या पिशव्या, पिशवीत घड्या पडलेले केसपेपर.)

मराठीत दोन गावांची नावं टोमण्यासारखी वापरली जातात. मुंबईकडचा माणूस म्हणतो, "याला ठाण्याला नेऊन ठेवा." पुण्याकडचा म्हणतो, "येरवड्याला पाठवा." दोन्हीकडे सरकारी मनोरुग्णालयं आहेत, तशीच नागपूरला आणि रत्नागिरीलाही आहेत. या रांगेतले बहुतेकजण दुपारी औषधं घेऊन एसटीनं घरी जातील. शेजारच्यांनी विचारलं तर "दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो" असं सांगायचं, हे मात्र सकाळी घरातून निघतानाच ठरलेलं असतं.

पुढची काही मिनिटं आपण एकाच आजाराबद्दल बोलणार आहोत. स्किझोफ्रेनिया. मानसिक आजारांची लाज सगळ्यात दाट साचली आहे ती याच्याभोवती. आणि ती लाज रुग्णाला किती महागात पडते, ते इथे महिन्यांत मोजता येतं.

(दृश्य: कॉलेजचं आवार, सायकल स्टँड.)

आयुष्यात कधीतरी हा आजार होणाऱ्यांचं प्रमाण शंभरात एक किंवा त्याहून थोडं कमी. मुलांमध्ये तो बहुधा अठरा ते पंचविशीत सुरू होतो, मुलींमध्ये काही वर्षं उशिरा. म्हणजे नेमका कॉलेजच्या, पहिल्या नोकरीच्या, घरात स्थळांची चर्चा सुरू होण्याच्या वयात.

नावानंच मोठा गोंधळ करून ठेवला आहे. झुरिकच्या ऑयगेन ब्लॉयलर या मनोविकारतज्ज्ञानं १९०८ साली ग्रीक शब्दांवरून हे नाव दिलं. विचार, भावना आणि कृती यांची एकमेकींशी असलेली वीण सुटते, असं त्याला म्हणायचं होतं. लोकांनी अर्थ घेतला एका शरीरात दोन माणसं. आपल्या 'छिन्नमनस्कता' या शब्दालाही तोच गैरसमज चिकटला. या आजारात दुसरा माणूस अंगात येत नाही.

होतं ते असं. कुणी नसताना बोलणं ऐकू येतं; बहुतेकदा नावं ठेवणारं, कधी हुकूम सोडणारं. तो आवाज त्या माणसाला आत्ता हे निवेदन तुम्हाला येतंय तितकाच स्पष्ट येतो. शेजारी पाळत ठेवतात, टीव्हीवरची बाई माझ्याबद्दलच बोलते, जेवणात विष आहे, अशी खात्री पटते. ही झाली आजाराची आवाज करणारी बाजू. दुसरी बाजू गप्प असते. आंघोळ टळते, मित्र सुटतात, चेहऱ्यावरचे भाव विझत जातात, सकाळी उठून काही करावं ही इच्छाच उरत नाही. घरचे तिला आळस म्हणतात. पुष्कळदा ही गप्प बाजू आधी सुरू झालेली असते आणि त्या काळात मुलाला फक्त बोलणी बसलेली असतात.

(दृश्य: गावाबाहेरचं ठाणं. लिंबू, नारळ, उदबत्तीचा धूर.)

"बाहेरचं काहीतरी आहे." पहिली दिशा बहुधा हीच ठरते. त्या कुटुंबांना हसण्यासारखं यात काही नाही. भगत जवळ असतो, घरची बोली बोलतो आणि दोष बाहेरच्या कुणावर तरी टाकून घरच्यांना मोकळं करतो. आजार म्हटलं की मात्र सगळी बोटं घराण्याकडे वळतात. पण गंडादोरा, मग दुसरा भगत, मग नवस, असं करता करता सहा महिने जातात, वर्ष जातं. उपचार सुरू होण्याआधीचा हा काळ जितका लांबतो, तितकं नंतरचं बरं होणं हळू आणि अपुरं राहतं, असं जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. देवाला जायचं असेल तर जावं. गोळीही त्याच आठवड्यात सुरू व्हावी.

भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीनं बांधणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. साखळीचं काय होतं, ते तमिळनाडूतल्या एर्वाडीनं दाखवलं. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तिथल्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळीनं बांधलेल्या २८ मनोरुग्णांना पळता आलं नाही.

(दृश्य: टेबलावर शाळेची वही, पेन. एक हात तारखा लिहितोय.)

पहिल्या भेटीला जाताना वहीचं एक पान लिहून न्या. झोप कोणत्या महिन्यापासून बिघडली. वागण्यातला पहिला बदल कोणता, कुणाच्या लक्षात आला. तो नेमकं काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत. गांजा, दारू, डोक्याला मार, फिट्स. आई आणि वडील दोन्हीकडच्या घरात असा आजार. लपवाल तिथे डॉक्टरचा अंदाज चुकेल.

एक फरक मात्र सगळ्यांना माहीत हवा. वागणं एकदोन दिवसांत एकदम बिघडलं, सोबत ताप आहे, वेळ आणि जागेचं भान जातंय, गुंगी येतेय, तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. मेंदूच्या संसर्गात किंवा साखर घसरल्यावरही माणूस असंबद्ध बोलतो, आणि तिथे तास मोलाचे असतात.

(दृश्य: औषधांची पट्टी. भिंतीवरचं दिनदर्शिकेचं पान, खुणा केलेल्या तारखा.)

या आजाराचं पहिलं परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझीन, १९५२ साली पॅरिसमध्ये मनोरुग्णांवर वापरलं गेलं. आजची बहुतेक औषधं त्याच वाटेनं जातात: मेंदूतल्या डोपामीन या रसायनाचा जोर कमी करतात. झोप आणि तगमग काही दिवसांत सुधारते. आवाज आणि संशय ओसरायला दोन ते सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून डॉक्टर बदलला की मोजणी पुन्हा शून्यापासून.

पहिल्या आठवड्यात कधीकधी मान एका बाजूला आखडते, डोळे वर चढतात, जीभ जड होते. घर घाबरतं, भूतबाधेची शंका पुन्हा डोकं वर काढते. हा औषधाचा दुष्परिणाम आहे आणि एका इंजेक्शननं तो बहुधा अर्ध्या तासात उतरतो. पाय एका जागी ठरू न देणारी अस्वस्थता हाही दुष्परिणामच. घरच्यांना वाटतं आजार वाढला. काही औषधांनी पाळी थांबते. घरात संशयाची नजर फिरते आणि गोळ्या गुपचूप बंद होतात. हे सगळं डॉक्टरला सांगायचं असतं, औषध बदलता येतं. वजन पहिले तीन महिने दर महिन्याला बघा, रक्तातली साखर सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ओलान्झापिन, क्लोझापिन ही औषधं शरीरातून लवकर निघून जातात. म्हणून बिडी एकदम सोडली तर तीच मात्रा जास्त होऊ शकते. तेही आधी सांगा.

(दृश्य: स्वयंपाकघर. वरणाची वाटी, पळी.)

आता ती वाटी. तो गोळी घेत नाही, म्हणून आई गोळी कुटून वरणात कालवते. यामागची माया कळते. पण ज्याला "माझ्या जेवणात काहीतरी घालतात" असं वाटतंय, त्याच्या जेवणात आपण खरोखर काहीतरी घालत असतो. ज्या दिवशी ते पकडलं जातं, त्या दिवशी त्याचा संशय खरा ठरतो आणि मग घरचं अन्नही सुटतं. ताटात निम्मं वरण उरलं की मात्रा किती गेली ते कळत नाही. आणि वरणानं बरा झालेला माणूस मनाशी म्हणतो, मी औषधाशिवाय बरा झालो. याला उपाय आहे. दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन मिळतं. डॉक्टरकडे त्याचा विषय काढा आणि रुग्णासमोरच काढा.

बरं वाटल्यावर गोळ्या थांबवणं ही पुढची चूक. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पहिल्या खेपेनंतर औषध थांबवणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका जवळपास पाचपट निघाला. पहिल्या खेपेनंतर किती काळ घ्यायचं? किमान एक ते दोन वर्षं, त्यापुढचं डॉक्टर आणि रुग्ण मिळून ठरवतात. कमी करायचं तेही टप्प्याटप्प्यानं.

(दृश्य: मांडव. हळदीची वाटी.)

"लग्न करून द्या, सगळं ठीक होईल." या एका वाक्यानं जितकं नुकसान केलं आहे, तितकं क्वचितच दुसऱ्या कशानं केलं असेल. सासरी कळू नये म्हणून हळदीच्या आधी गोळ्या बंद. चार रात्री जागरण. अनोळखी घर, पाहुण्यांची गर्दी, शंभर नजरा. आजार उलटायला याहून अनुकूल परिस्थिती मुद्दाम जुळवूनही आणता येणार नाही. मुलगी असेल तर महिन्याभरात माहेरी, आणि "फसवलं" हा शब्द जन्मभर. हिंदू विवाह कायद्यात महत्त्वाची बाब लपवून मिळवलेली संमती हा विवाह रद्द मागण्याचा आधार ठरू शकतो. हा आजार असलेली माणसं लग्न करतात, संसारही करतात. त्यासाठी तब्येत स्थिर हवी, गोळ्या चालू हव्यात आणि समोरच्याला आधी सांगितलेलं असावं. मुलांचं विचारलं जाईलच: आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण दहा टक्के. नव्वद टक्के न होण्याची.

(दृश्य: ओसरी. पाठमोरे बसलेले दोघे, मध्ये चहाचे कप.)

घरातल्या बोलण्याचाही हिशेब मांडला गेला आहे. लंडनमध्ये १९५० च्या दशकापासून झालेल्या अभ्यासांत दिसलं की सतत टोचून बोलणाऱ्या किंवा क्षणभरही एकटं न सोडणाऱ्या घरांत परतलेल्यांचा आजार जास्त वेळा उलटतो. रुग्ण आणि टोचणारा माणूस आठवड्यात ३५ तासांहून जास्त वेळ समोरासमोर असतील, तर धोका आणखी वाढतो. पुढे चंदीगडला तशीच पाहणी झाली, तेव्हा तिथल्या घरांत टोचून बोलणं लंडनपेक्षा बरंच कमी आढळलं. आपल्या एकत्र घरांकडे ही पुंजी आहे. ती टिकवायची.

मग आवाजांबद्दल तो सांगू लागला तर काय बोलायचं? वाद घालू नका, होला होही म्हणू नका. "मला तो आवाज येत नाही. पण तुला येतोय, आणि तुला भीती वाटतेय, हे मला कळतंय." एवढं पुरतं. आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

भरती करायची वेळ आलीच, तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा जवळ ठेवा. रुग्णाच्या मर्जीविरुद्धच्या भरतीसाठी दोघांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञच हवा, पहिली मुदत जास्तीत जास्त तीस दिवसांची. साखळी कोणत्याही कारणानं चालत नाही. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय विजेचे उपचार देता येत नाहीत. आजार दीर्घकाळ रेंगाळला, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं. त्यासाठी स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टी गुणांनी तपासतात.

(दृश्य: सकाळ. खिडकीजवळ परात, मेथीची जुडी.)

झोप परत येते, मग आवाज फिके होतात. इच्छा सगळ्यात शेवटी येते, कधी वर्षानं, आणि नेमकं तेव्हाच घरच्यांचा धीर सुटतो, कारण आता तर तो "बरा" दिसत असतो. सुरुवात दहा मिनिटांच्या कामानं करा. रोज एकच काम, एकाच वेळी, शेजारी बसून. मेथीची जुडी निवडणं चालेल. अर्धी राहिली तरी परात उचलून ठेवा, उरलेली निवडून दाखवू नका. दुसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटं.

(दृश्य: परात. अर्धी निवडलेली मेथी. खालून भाजीवाल्याची हाक.)