वरून फायबर, खालून गंज

माझगावच्या या गॅरेजमध्ये जो येतो तो आधी गाडीच्या दारावर बोटाने टकटक करतो, आवाज ऐकतो आणि म्हणतो, अरे ही तर फायबरची, हिला काय गंज लागणार. मिस्त्री मामा आता उत्तर पण देत नाहीत, सरळ हातात टॉर्च देतात, जा, खाली झोपून बघ.

गाडी आहे शेवरोले कॉर्व्हेट, १९७२ चं मॉडेल, अमेरिकेत सेंट लुईसच्या फॅक्टरीत बनलेली. पुढे मागे दोन्हीकडे क्रोमचे बंपर असलेलं हे शेवटचं वर्ष, त्यामुळे शौकीन लोक या वर्षासाठी जीव टाकतात. कॉर्व्हेटची बॉडी पहिल्यापासून फायबरचीच, म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन (सुकून घट्ट होणारा चिकट द्रव) यांची, १९५३ च्या पहिल्या ३०० गाड्या तर सगळ्याच्या सगळ्या पांढऱ्या होत्या. पण फायबर म्हणजे फक्त वरचा भाग हो. खाली पोलादी चॅसी आहे, आणि पुढच्या काचेभोवती, दारांच्या चौकटीत लोखंडी सांगाडा आहे ज्याला बर्डकेज म्हणतात, आणि लोखंड म्हटलं की मुंबईत काय होतं ते गॅलरीच्या ग्रिलला विचारा.

ही गाडी बरीच वर्षं वरळीला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभी होती, समुद्र समोरच. खारी हवा, आणि जुलैमध्ये कंपाउंडमध्ये साचणारं पाणी. पाणी उतरतं, पण चॅसीच्या पोकळ डब्यात शिरलेला चिखल आतच बसतो आणि ओल धरून ठेवतो. पत्र्याच्या गाडीला निदान फुगे तरी येतात, रंग सुटतो, मालक घाबरून गॅरेज गाठतो. इथे वरून सगळं चकाचक, कोणाला शंकाच येत नाही, आणि खालची चॅसी गपचूप खलास होत असते. माझ्या मते फायबरच्या गाडीचं खरं दुखणं हेच.

इथे बघा, मागच्या चाकाच्या थोडं पुढे, जिथे चॅसी वर वळते. मामा हातोडीने ठोकत येतायत. टण्ण, टण्ण, टण्ण, आणि इथे एकदम भद्द. मग टोचा लावला तर टोचा आत. कॉर्व्हेटमध्ये ही जागा हमखास सडते कारण चाकाने उडवलेला सगळा माल इथेच येऊन थांबतो.

याच जागी ट्रेलिंग आर्मचा बोल्ट आहे, म्हणजे मागचं चाक ज्या दांड्यावर उभं आहे त्याचा. हा बोल्ट जगभर बदनाम आहे. बुशच्या, म्हणजे दांड्याच्या टोकातल्या रबर-लोखंडाच्या नळीच्या, आत गंजून असा बसतो की पाना लावला तर फक्त डोकं फिरतं, आटे जागचे हलत नाहीत. डिझेल सोडून ठेवलं, गंज सोडवायचा स्प्रे मारला, काही नाही. गॅस लावावा तर वरतीच फायबर, रेझिन पेटायला वेळ लागत नाही. शेवटी बुशच्या दोन्ही बाजूंनी करवतीची पाती घालून कापला. बाजूला ज्या पातळ पट्ट्या असतात चाकाची अलाइनमेंट धरायला, त्यांचा नुसता भुगा हातात आला.

आता बॉडी उचलायची. दोन्ही बाजूंना चार चार ठिकाणी बॉडी चॅसीवर बसते, मध्ये ॲल्युमिनियमचा ठोकळा, रबर १९७३ पासून आलं. आणि त्या ठोकळ्याच्या जोडीला पातळ शिम, म्हणजे उंची जुळवायच्या पट्ट्या, कुठे एक, कुठे तीन, कारण फायबरची बॉडी प्रत्येक वेळी अगदी सारखी निघत नाही, मग फॅक्टरीतली माणसं शिम घालून लेव्हल करायची आणि किती घातल्या तो आकडा खडूने चॅसीवरच लिहून ठेवायची. गंजामुळे इथले बरेच आकडे गेलेत. म्हणून प्रत्येक जागचे शिम वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर नंबर, शिवाय मोबाईलवर फोटो. हे गडबडलं तर नंतर दारं बसत नाहीत आणि माणूस बिजागऱ्यांना शिव्या घालत बसतो. दारांच्या मोकळ्या जागेत आडव्या पट्ट्या बोल्ट केल्या, रुंद पट्टे टाकले, गर्डरला लावलेल्या चेन पुलीने हळूहळू वर.

एका फॅब्रिकेटरने सांगितलं होतं, जुनी फेकून द्या, पंधरा दिवसांत नवीन चॅसी करून देतो. मालकाला पटत पण होतं. मामा नाही म्हणाले, आणि बरोबर म्हणाले. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरमध्ये व्हीए अक्षरं मिळतात, पण अट अशी की चॅसी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरफार केलेला नसावा. आणि या चॅसीवर तिचा नंबर ठोकलेला आहे, बॉडीखाली दडलेला. तो टाकायचा म्हणजे मग गाडीत उरलं काय?

म्हणून सडलेलं तेवढंच कापलं, तेवढ्याच जाडीची प्लेट बसवली. वेल्डिंग सलग मारत नाहीत, थोडं इथे, थोडं तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं, आणि दर वेळी कोपरा ते कोपरा टेप धरायची, दोन्ही मापं जुळली तरच पुढे, नाहीतर चॅसी पिळते. मग ब्लास्टिंग, म्हणजे जोरात वाळू मारून गंज उडवणं, प्रायमर, रंग, आणि डब्याच्या आत मेणासारखं कोटिंग. पाणी निचरायची भोकं मात्र मोकळी. आधी कोणीतरी खालून जाड डांबर फासलं होतं, ते सुटलं की पाणी त्याच्या आतच अडकतं. असलं कोटिंग मला तरी गंज लपवायचाच धंदा वाटतो.

फायबरवर ब्लास्टिंग नाही, वाळूने ते खरवडून निघतं. तिथे हाताने पॉलिश पेपर. आणि तड्यांसाठी मामांनी बोलावलं वर्सोवा कोळीवाड्यातल्या होडीवाल्याला, कारण मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) आणि रेझिनमध्ये रोज ज्याचे हात असतात तो माणूस हाच.

"मामा, वरून लांबी भरू नका, तडा परत येल."

"मग तू सांग दादूस, तुझ्या होडीला करतोस तसंच कर."

तड्याच्या दोन्ही बाजूंनी घासून खोलगट उतार केला, मॅटचे लहान मोठे तुकडे, ब्रशने रेझिन, रोलरने हवा काढली. रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून त्यात आधी कोबाल्ट नीट ढवळायचं आणि मग हार्डनर, दोन्ही एकमेकांत थेट कधीच ओतायचे नाहीत, भडका उडू शकतो. हे दादूस हेल्परला तीनतीनदा सांगतोय, आणि सांगायलाच पाहिजे.

बॉडी परत चॅसीवर बसली, शिम आपापल्या जागी, आणि मागचे दिवे लागेनात. सगळ्यांनी फ्यूज बघितले. फायबरमधून करंट जात नाही ना, पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते, इथे अर्थिंगची वायर थेट चॅसीपर्यंत न्यावी लागते, आणि चॅसीला तर आपण मस्त जाड रंग मारून ठेवलाय. रेडिओची खरखर अडवायला डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे स्पार्क प्लगना करंट वाटणाऱ्या भागावर, धातूचं झाकण असतं ते पण याच कारणाने, फायबर काहीच अडवत नाही. अर्थिंगच्या जागी रंग खरवडला, चकचकीत लोखंड निघालं, नट आवळला, दिवे लागले.

मालक विचारतायत वरचा रंग कधी. मामांनी आभाळाकडे बघितलं. या दमट हवेत रंग मारला की पांढरट धुकं धरतो, त्यामुळे ते दिवाळीनंतर. तोपर्यंत ब्रेकच्या लाइनी बदलायच्यात, त्या पण सगळ्या गेलेल्या आहेत.