पुरस्काराच्या अर्जात न मावणारी शाळा

३ डिसेंबर २०२० रोजी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून ऑनलाइन प्रक्षेपित झालेल्या समारंभात ‘ग्लोबल टीचर प्राइझ’च्या मानकऱ्याचे नाव जाहीर झाले, तेव्हा ते मानकरी, रणजितसिंह डिसले, आईवडिलांसोबत पडद्यासमोर बसलेले होते. युनेस्कोच्या सहकार्याने वार्की फाउंडेशन देत असलेला दहा लाख डॉलरचा हा पुरस्कार प्रथमच भारतीय शिक्षकाला मिळाला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या डिसले गुरुजींनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे त्याच वेळी जाहीर केले.

त्यांच्या ज्या कामाची सर्वाधिक चर्चा झाली, ते करोनाकाळातल्या टाळेबंदीच्या कितीतरी आधी सुरू झालेले होते. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापायचा, म्हणजे मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरताच त्या पाठाची चित्रफीत, कवितेची चाल किंवा सरावाचे प्रश्न मुलासमोर उघडतात, अशी ती साधी रचना होती. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर असे कोड आले आणि केंद्र सरकारच्या दीक्षा ॲपशी ते जोडले गेले. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली, तेव्हा दूरस्थ शिक्षणाचा हा एक धागा मुलांच्या दप्तरात आधीपासूनच होता.

मात्र कोड उघडण्यासाठी फोन लागतो, आणि मजुरी करणाऱ्या घरातला एकुलता स्मार्टफोन सकाळीच वडिलांबरोबर कामावर निघून जातो. तो संध्याकाळी परत येतो, तेव्हा दहावीतल्या ताईचा हक्क पहिला असतो. तिसरीतल्या धाकट्याची पाळी येईपर्यंत बॅटरी तरी संपलेली असते किंवा दिवसाचा डेटा तरी. ही घरची गणिते ज्या शिक्षकांना ठाऊक होती, त्यांनी सकाळचा ऑनलाइन तास सोडून दिला, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री छोटा स्वाध्याय टाकला, वहीच्या पानाचे आलेले छायाचित्र उशिरापर्यंत जागून तपासले आणि ज्यांचे उत्तर आलेच नाही, त्यांच्या दारात दुसऱ्या दिवशी मुखपट्टी बांधून गृहभेट दिली. आमच्या मते दूरस्थ शिक्षणातले खरे कसब इथे होते. चित्रफीत सुबक असण्याला त्या मानाने दुय्यम महत्त्व होते.

फोनला पर्यायही शोधले गेले. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून शालेय पाठ्यपुस्तकांवर आधारलेली ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. सोलापूरच्या निलमनगर या कामगार वस्तीत आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी तर घरांच्या बाहेरच्या भिंतीच रंगवून घेतल्या. एका भिंतीवर मुळाक्षरे, दुसऱ्या भिंतीवर गणिती सूत्रे, पुढच्या वळणावर व्याकरण, अशी ती गल्लीबोळांतली शाळा होती. मुलांनी अंतर राखून भिंतीसमोर उभे राहायचे, वाचायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. पावसाळी रेंजचा आणि रिचार्जचा प्रश्नच तिथे उद्भवत नव्हता.

आता प्रश्न येतो गौरवाचा. २०२० चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार ५ सप्टेंबरला तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी ४७ शिक्षकांना ऑनलाइन समारंभात प्रदान केला; सन्मानही त्या वर्षी दूरस्थच झाला, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. या पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षकाला संकेतस्थळावर स्वतःच अर्ज भरता येतो आणि त्यानंतर जिल्हा, राज्य व राष्ट्रीय पातळीवर निवड होते. शिफारशीसाठी कोणाचे उंबरे झिजवावे लागत नाहीत, ही सुधारणा निःसंशय चांगली आहे. तथापि अर्जासोबत कामाचे पुरावे, म्हणजे अहवाल, छायाचित्रे आणि चित्रफिती जोडाव्या लागतात, आणि दूरस्थ शिक्षणाच्या बाबतीत नेमकी इथेच मेख आहे. ज्याचे काम मुळात पडद्यावरच घडते, त्याचा पुरावा आपोआप तयार होतो. पण आठवड्यातून दोनदा पाड्यावर जाऊन स्वाध्यायपत्रिका वाटणाऱ्या आणि मागच्या तपासून परत देणाऱ्या बाईंनी त्या वेळी स्वतःचे छायाचित्र कोणाकडून काढून घ्यायचे? काढले असते, तरी त्यात दिसले असते ते फक्त एक दार आणि हातातला कागदांचा गठ्ठा.

त्यामुळे पुरस्कार मिळालेल्यांचे काम उणे ठरत नाही. डिसले यांच्या कोडमागे अनेक वर्षांची मेहनत आहे आणि निलमनगरच्या भिंती तर कोणालाही जाऊन पाहता येण्याजोग्या होत्या. आक्षेप आहे तो मोजपट्टीबद्दल. वर्गाचा पट किती होता, त्यांपैकी किती मुलांपर्यंत धडा दर आठवड्याला पोहोचला, घरात फोन नसलेल्या मुलांसाठी वेगळे काय केले आणि शाळा उघडल्यावर त्यांपैकी किती जण वर्गात परतले, हे चार आकडे शाळेच्या दप्तरातून काढता येतात आणि केंद्रप्रमुखांना पडताळता येतात. तालुक्याच्या आदर्श शिक्षक पुरस्कारापासून राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत प्रत्येक निवड समितीने ते चित्रफितीच्या आधी मागावेत.