पिवळा वॉकमन आणि मुंबईची हवा

झाकण लागताना होणारा हा आवाज नीट ऐका. साध्या वॉकमनचे, म्हणजे खिशात मावणाऱ्या कॅसेट प्लेअरचे, झाकण नखानेही उघडत असे. या पिवळ्या वॉकमनचे झाकण मात्र जाड खटक्याने बंद होते आणि कडेने फिरवलेली रबराची पट्टी चेपली गेल्यामुळे आतली कॅसेट, मोटर आणि रेडिओ बाहेरच्या पाण्यापासून आणि धुळीपासून वेगळे राहतात. बटणेही रबराखाली आहेत, त्यामुळे ती ओल्या अंगठ्याने दाबली तरी बिघडत नाहीत. माझे मामा व्यापारी जहाजावर इंजिन खात्यात होते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी हा वॉकमन जपानच्या एका बंदरातून विकत घेतला आणि गिरगावातल्या आमच्या चाळीत आणला. आज तो माझ्याकडे आहे.

सोनी कंपनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. त्यात रेडिओ नव्हता आणि रेकॉर्डिंगची सोयही नव्हती. त्यानंतर काही वर्षांतच पाण्याचे शिंतोडे, वाळू आणि घाम सहन करणारा पिवळा वॉकमन निघाला आणि त्याच्या काही प्रकारांत रेडिओही बसवण्यात आला. तो खेळाडूंसाठी काढलेला होता. मुंबईत त्याला लोकलचे प्रवासी अधिक भेटले. कोणाला तो आखातातून परतलेल्या भावाने दिला, तर कोणी हाजी अलीच्या हिरा पन्नात किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात घासाघीस करून मिळवला.

मुलुंडहून फोर्टात नोकरीला जाणाऱ्या एका गृहस्थांनी असा वॉकमन तेरा वर्षे रोज वापरला. ते शास्त्रीय संगीताचे जाणते श्रोते आहेत, म्हणून त्यांची कसोटीही कठोर होती. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने हेडवरून, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून, सरकते. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू वाजते तेव्हा सुमारे ८६ मीटर फीत त्या चिंचोळ्या जागेतून जाते. या वेगात किंचित चढउतार झाला तर ठेक्याच्या गाण्यात तो खपून जातो, पण तंबोऱ्याचा षड्ज हलला की कान लगेच ओळखतो. दारात उभे असताना गाडीला हिसका बसला की साध्या वॉकमनमधला षड्ज डगमगत असे, असे ते सांगतात. पिवळ्या वॉकमनची यंत्रणा हालचालीत वेग टिकावा या हेतूनेच रचलेली होती आणि त्यांच्या अनुभवाप्रमाणे ती पुष्कळ अंशी टिकून राहत असे. पावसाळ्यात खिडकीतून झड येई, तेव्हा आजूबाजूचे लोक हातातली वर्तमानपत्रे सावरत आणि हे मात्र डोळे मिटून विलंबित ख्याल ऐकत असत.

रेडिओची गोष्ट निराळी आहे, आणि इथे यंत्र कोणत्या देशातून आले याला फार महत्त्व आहे. जपानमध्ये एफएम प्रसारणाचा पट्टा त्या काळी ७६ ते ९० मेगाहर्ट्झ असा होता. मामांच्या वॉकमनची केंद्र लावायची तबकडी त्यामुळे ९० ला संपते. १९९३ मध्ये मुंबईच्या एफएमवर खासगी निर्मात्यांना वेळ मिळाला, २००२ मध्ये खासगी वाहिन्या सुरू झाल्या आणि सारे शहर १०७.१ किंवा ९८.३ असे आकडे बोलू लागले, तेव्हा आमच्या घरात एफएमचा खटका सरकवला की केवळ खरखर ऐकू येत असे. मामांना त्याचे वाईट वाटले, हे मला आठवते. आम्हाला आधार होता तो मध्यम लहरींचा, आकाशवाणीच्या ५५८ किलोहर्ट्झच्या केंद्राचा. मध्यम लहरींचा अँटेना म्हणजे आत बसवलेली फेराइटची कांडी. ती लहरींच्या दिशेला आडवी धरली तर आवाज भरतो आणि वळवली तर बसतो. म्हणून चाळीच्या गॅलरीतल्या लाकडी कठड्यावर मामांनी पेन्सिलीने एक रेघ ओढली होती आणि वॉकमन त्या रेघेला लावूनच ठेवायचा, असा घरात नियम होता.

आता ज्यांच्याविषयी सांगायचे आहे त्या बाई कालिन्याला राहतात आणि शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. त्यांचा वॉकमन दुबईहून आलेला असल्यामुळे त्यावर मुंबईची सारी एफएम केंद्रे लागतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. तळमजल्यावरची चार बिऱ्हाडे बाईंच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आली होती, वीज नव्हती आणि फोन लागत नव्हते. खालच्या घरातून सामान वर आणताना हा वॉकमन पिशवीसह भिजला. बाईंनी तो पदराने पुसला, दोन पेन्सिल सेल घातले आणि तो सुरू झाला. अशा यंत्रात हेडफोनची तार हीच एफएमची अँटेना असते, त्यामुळे हेडफोन काढून चालत नाही. बाईंनी तो स्वतःच्या कानाला लावला आणि कोणत्या रस्त्यावर पाणी आहे, गाड्या कुठवर आहेत, हे ऐकून मोठ्याने सांगत राहिल्या. ज्यांची माणसे घरी परतलेली नव्हती, ते त्यांच्या तोंडाकडे पाहत बसले होते. त्या रात्री सेल टिकले, कारण एकट्या रेडिओला मोटरपेक्षा फार कमी वीज लागते, आणि मोटर तर केव्हाच निरुपयोगी झाली होती: मोटरची गती कॅसेटपर्यंत पोचवणारा आतला रबरी बेल्ट सैल पडल्यामुळे त्यांची कॅसेट तीन वर्षांपासून फिरत नव्हती.

या यंत्रांच्या जवळजवळ प्रत्येक मालकाने मला हेच सांगितले. पाण्याला कवचाने अडवले, परंतु आतले रबर आपल्या वयानुसार म्हातारे झाले. मुंबईच्या दमट हवेत तर आणखी एक अडचण येते. भर पावसाळ्यात झाकण उघडून पुन्हा घट्ट लावले की बाहेरची ओल आत कोंडली जाते, आणि कॅसेट तशीच राहिली तर फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरते. वर्सोव्याचे एक मच्छीमार काका आपला वॉकमन वर्षानुवर्षे होडीवर नेत असत. त्यांच्याकडून मी शिकलो की काम झाल्यावर कॅसेट आणि सेल काढून झाकण उघडे ठेवावे आणि हेडफोनचे भोक कोरड्या कापसाने साफ करावे, कारण खारी हवा सर्वात आधी तिथला धातू खाते.

मामांचा वॉकमन मी आता दुरुस्तीला आणला आहे. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, म्हणजे लोकांच्या लॅमिंग्टन रोडवर, एका जिन्याखाली बसणारे हे कारागीर. यापूर्वी एका दुकानात आमच्या वॉकमनला जाडजूड बेल्ट ओढूनताणून बसवण्यात आला होता आणि त्यामुळे मोटर कण्हत असे. कारागिरांनी पाठीचे स्क्रू काढले आणि चाकाला डांबरासारखा चिकटलेला जुना रबराचा थर चिमट्याने सोलला. स्पिरिटचा कापूस ते खाचेतून फिरवत आहेत. आठवा बोळा काळा झाला, नववा थोडा करडा निघाला आणि दहावा पांढरा आला, तेव्हा कुठे त्यांनी नवा बेल्ट उचलला. तो शिवणाच्या दोऱ्याहून फारसा जाड नाही.

वेग जुळवण्यासाठी त्यांच्याकडे ठरावीक स्वराची कॅसेट आहे. तरीही आज त्यांनी मुलुंडच्या त्या गृहस्थांना मुद्दाम बोलावले आहे. गृहस्थांनी सोबत आणलेली कॅसेट घातली आणि हेडफोन कानाला लावले. कारागिरांचा बारीक पेचकस मोटरच्या भोकात आहे.

“काका, जमलं का?”

“अजून किंचित वर आहे. थोडा उतरवा.”

पेचकस अगदी जरासा फिरतो.

“आणखी केसभर. हं. थांबा, आता हात लावू नका.”