कशेडीच्या अलीकडे चार्जर हवा
(चिपळूण येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

बंधुभगिनींनो, गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी कराडहून विजेच्या गाडीने खाली उतरलो. कुंभार्ली घाटमाथ्यावर बॅटरी 41 टक्के होती आणि पोफळीला पोहोचलो तेव्हा 44. उताराला गाडी आवरताना मोटरच जनित्रासारखी चालते आणि एरवी ब्रेकच्या उष्णतेत वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत येते. चढाला जास्त वीज लागते हे खरे. परंतु घाटांमुळे या गाड्या कोकणात निरुपयोगी ठरतात, हा समज मला त्या दिवसापासून मान्य नाही.

त्याच पोफळीच्या डोंगराच्या पोटात कोयनेचे पाणी वीज निर्माण करते आणि वाशिष्ठीतून आपल्या गावाशेजारून समुद्राकडे जाते. कोयना प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॅट आहे. आपल्या जिल्ह्यात जयगडला कोळशावरही वीज तयार होते, हेही मी लपवणार नाही. मात्र वीज पाण्यापासून, उन्हापासून, वाऱ्यापासून देशातच करता येते. खनिज तेलाची आपली 85 टक्क्यांहून अधिक गरज आयातीवर भागते.

राज्य सरकारने 2025 मध्ये आणलेले विद्युत वाहन धोरण 31 मार्च 2030 पर्यंत लागू आहे. मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्कात माफी, तसेच अटल सेतूवर पथकरमाफी या सवलतींची चर्चा फार होते. मला त्याहून मोलाचे वाटते ते राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट. पळस्प्यापासून झारापपर्यंतचा आपला मुंबई-गोवा महामार्ग साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास आहे. म्हणजे किमान 18 ठिकाणे. ही संख्या प्रत्येकाने तोंडपाठ ठेवावी, कारण ती आपण मोजल्याशिवाय कोणी मोजणार नाही.

मागे एकदा याच महामार्गावर कशेडी घाटाच्या अलीकडे नकाशावर दाखवलेला चार्जर बंद निघाला. शेजारच्या खानावळीच्या मालकांनी पडवीतला 15 अँपिअरचा प्लग दिला. "दादा, निवांत बसा, घाई करू नका," असे म्हणून त्यांनी कोकम सरबतही पुढे केले. तीन तास बसलो तेव्हा कुठे पुढच्या गावापर्यंत जाता येईल एवढी वीज मिळाली. त्या माणसाची माया मी विसरणार नाही. पण गणपतीला हजारो चाकरमानी एकाच आठवड्यात येतात, तेव्हा पडवीतल्या प्लगवर प्रवास चालणार नाही. तिथे जलद चार्जर हवा आणि तो दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे फलकावर लिहिलेले हवे.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चार्जिंग केंद्र चालवण्यास वेगळा परवाना लागत नाही. महामार्गालगत जागा असलेला आपला खानावळवाला किंवा बचत गट हे काम करू शकतो. त्यासाठी पुरेशा दाबाची वीजजोडणी लवकर मिळाली पाहिजे आणि तसा आग्रह आपणच धरायला हवा. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, येत्या ग्रामसभेत महामार्गालगतच्या प्रत्येक गावाने चार्जरच्या जागेचा ठराव करावा आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाकडे व महावितरणकडे पाठवावी. ठरावात एक ओळ मात्र विसरू नका. 22 जुलै 2021 चा पूर आपण सर्वांनी पाहिला आहे; तेव्हा जागा निवडताना भिंतीवरची त्या पुराची खूण पाहा आणि चार्जरचा चौथरा तिच्या वर बांधायला सांगा.