अर्धी वीत जास्त

(दृश्य: मे महिन्याची अखेर, पहाट. कुलाब्याच्या बाजूचा एक धक्का. क्रेनचा हूक हळूहळू खाली येतोय.)

मे संपत आला की मुंबई बंदरातल्या शिडाच्या होड्या एकेक करून पाण्याबाहेर निघतात. पुढचे चार महिने इथलं पाणी शिडांना बंद. आमची होडी मात्र यंदा शेडमध्ये झाकून ठेवायची नाही, असं आम्ही पाच जणांनी ठरवलं. ती चेन्नईला निघालीय. नैऋत्येचा पाऊस सह्याद्रीवरच बराचसा रिता होतो, त्यामुळे जून-जुलैत तिकडे शिडं उभारता येतात.

समुद्रातूनच का नेत नाही, असं जो तो विचारतो. कन्याकुमारी ओलांडून श्रीलंकेला वळसा घालायचा, तोही पाऊस तोंडावर आलेला असताना. २४ फुटी होडीवर आणि तिच्यातल्या माणसांवर तो डाव आम्ही लावणार नाही. म्हणून रस्ता. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, चेन्नई. १,३०० किलोमीटरच्या वर.

होडी जे-२४ जातीची. वजन १,४०० किलोच्या आसपास, म्हणजे ट्रकला काहीच नाही. अडचण रुंदीची आहे. ती पोटाशी २.७१ मीटर रुंद आहे आणि रस्त्यावरच्या गाडीला मालासकट २.६ मीटरची मर्यादा. फरक ११ सेंटिमीटरचा. अर्धी वीत! पण त्या अर्ध्या वितीनं सगळं बदलतं. ४० फुटी कंटेनर आतून २.३५ मीटर रुंद, त्यामुळे तो पर्याय पहिल्याच दिवशी बाद झाला. साधा ट्रक बाद. उरला लो-बेड, म्हणजे बुटक्या तळाचा ट्रेलर, आणि ओडीसीची, म्हणजे मापाबाहेरच्या मालाची परवानगी.

कागदांत एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ई-वे बिलात, म्हणजे माल रस्त्यानं नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदात, साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, मापाबाहेरच्या मालाला दर २० किलोमीटरला एक. बिल भरताना तो एक रकाना चुकला, तर होडी वाटेत असतानाच मुदत संपते. आणि विम्याची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचा. आमचा विमा पाण्यावरचा होता. रस्त्यासाठी वेगळा काढावा लागला.

भाडं ठरवताना ट्रान्सपोर्टवाल्याचा पहिला प्रश्न असतो, "परतीचा माल आहे का?" नसेल तर रिकामी गाडी परत आणायचा खर्चही आपल्याच डोक्यावर. म्हणून आम्ही तारखेचा हट्ट सोडला. चेन्नईहून यंत्रं आणायला जाणारी गाडी मिळेपर्यंत नऊ दिवस थांबलो.

(दृश्य: जमिनीवर आडवी ठेवलेली डोलकाठी. जुन्या सुती चादरी, दोरी, चिकटपट्टी.)

डोलकाठी होडीपेक्षा लांब, त्यामुळे ती उतरवावीच लागते. ती ॲल्युमिनियमची आहे आणि तिला धरणाऱ्या तारा पोलादाच्या. तार काठीला टेकलेली राहिली तर १,३०० किलोमीटरच्या थरथरीत ती काठीला खात जाते. म्हणून प्रत्येक तार वेगळी गुंडाळायची आणि हात-हात अंतरावर बांधायची. उलगडताना कोणती कुठली, हे कळायला प्रत्येकीला रंगीत चिंधी.

(दृश्य: होडी क्रेनला लटकलेली, खाली ट्रेलर. ड्रायव्हर वर बघतोय.)

ड्रायव्हरदादा सोलापूरकडचे. होडी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच वाहिली. त्यांनी जे विचारलं, ते आम्हाला स्वतःला कळायला दोन वर्षं लागली होती.

"ही वजन कशावर घेते?"

"खालच्या कीलवर, म्हणजे पोटाखालच्या जड पात्यावर, दादा. सगळं वजन तिथेच."

"मग हे बाजूचे टेकू?"

"ते नुसता तोल सांभाळायला."

"मग जास्त आवळायचे नाहीत."

हेच. पाणी होडीला सगळीकडून सारखं उचलून धरतं. जमिनीवर तसं धरणारं कुणी नसतं. टेकू चुकीच्या जागी आला आणि त्यावर वजन गेलं, की फायबरचं अंग आत दबतं. चार वर्षांपूर्वी गोव्याहून येताना आमच्या होडीचं तेच झालं. डाव्या कुशीला वरच्या थरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. बोटाच्या पेराएवढी जागा, पण आत थर सुटलेला. दुरुस्तीत अख्खा मोसम गेला. टेकू लावताना आमच्यापैकी एकही जण तिथे उभा नव्हता, याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून या वेळी आदल्या दिवशी मडकं पारखतात तसं सगळं अंग बोटांच्या पेरांनी वाजवून बघितलं. पोकळ, पोकळ, पोकळ, आणि मग एकदम भरीव ठक्. तिथे आत आडवी भिंत आहे. तिथेच पेन्सिलीनं फुली मारली. टेकू फक्त फुलीवर, मध्ये काथ्याच्या गादीचा तुकडा.

ताडपत्री आम्ही घातली नाही. बघणाऱ्याला होडी उघडी-वाघडी वाटते, पण फडफडणारी ताडपत्री रंग घासून काढते.

शहरातून गाडी रात्री निघाली, पुढचा प्रवास दिवसाउजेडी. दोन्ही बाजूंना लाल झेंडे. पहिला थांबा खालापूर. घाट चढण्याआधी सगळे पट्टे हातानं तपासले, दोन सैल निघाले. पहिल्या तासाभरात होडी आपली जागा घेते, तेव्हा सैल पडतातच. खंबाटकीच्या चढाला मागच्या गाडीतून आम्ही नुसते तिच्याकडे बघत होतो. प्रत्येक वळणावर ती झुकल्यासारखी वाटायची. झुकली नाही.

(दृश्य: चेन्नई बंदर, सकाळ. होडी पुन्हा क्रेनला.)

पाचव्या दिवशी ती चेन्नई बंदराच्या पाण्याला टेकली. हूक अजून काढलेला नाही. क्रेनच्या मुकादमाला हातानंच थांब म्हटलं. आमच्यातला एक जण आत उतरला, तळाची फळी उचलली आणि कीलच्या बोल्टांच्या कडेनं तळवा फिरवला. वर आम्ही चौघं श्वास धरून.

त्यानं हात बाहेर काढून दाखवला. कोरडा.

"सोडा," मुकादमाला खूण केली.