माणसं कमी झाली, मग घरं का नाही परवडत?

कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची ही जुनी मुंबई, सरकारी भाषेत मुंबई शहर जिल्हा. 2001 ला इथे 33 लाख 38 हजार लोक राहत होते, 2011 च्या जनगणनेत भरले 30 लाख 85 हजार. दहा वर्षांत अडीच लाख माणूस कमी झाला. मग घरं स्वस्त व्हायला हवी होती ना? लालबाग-परळला जाऊन रेट विचारून बघा.

गेलं कोण, तर बराचसा गिरणगावातला माणूस. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, पुढे गिरण्या एकेक करत बंद पडल्या, मग कोणी गावाला गेलं, कोणी चाळीतली खोली विकून डोंबिवली-विरार गाठलं, पोरांची लग्नं झाली आणि जागा पुरेना हेही होतंच. चाळींच्या जागी टॉवर आले, पण त्यातला फ्लॅट चाळकऱ्याला थोडाच परवडणार होता.

आणि जमीन तर होती हो, साधारण 600 एकर! 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे होते, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 ला नियम बदलला, वाटणी फक्त रिकाम्या जागेची, बांधकामाखालची जमीन धरायचीच नाही. आता गिरणी म्हणजे शेडच शेड, रिकामी जागा असणार किती? प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 2006 ला तिथेही हा बदल टिकला. मला विचाराल तर सामान्य माणसाची घरं खरी गेली ती इथेच.

2012 ला गिरणी कामगारांच्या घरांची पहिली लॉटरी निघाली, नंतरही निघाल्या, पण अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात आणि मिळालेली घरं त्याच्या जवळपासही नाहीत. आता सांगतात वांगणी-शेलूला घ्या, साडेनऊ लाखांत. म्हणजे कर्जत लाइनवर बदलापूरच्याही पुढे! सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तिथे जायचं? जुलै 2025 मध्ये कामगार आणि वारस आझाद मैदानात जमले ते यासाठीच, घर द्या पण मुंबईत द्या. एनटीसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, बंद गिरण्यांच्या जमिनी अजून मुंबईत शिल्लक आहेत, तिथे जी घरं उभी राहतील त्यांच्यावर पहिलं नाव या लोकांचं लागलं पाहिजे.