वसुबारसेपर्यंत

[पडद्यावर: कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, संध्याकाळ. अर्धं वर केलेलं शटर. आत एक लेथ आणि भिंतीला टेकवून ठेवलेली काळी गिटार.]

लेथ बंद झाला की इथली शांतता अंगावर येते. दिवसभराची घरघर कानातून जायला पाच-दहा मिनिटं लागतात. तोवर कुणी बोलत नाही. हात धुतले जातात, चहा येतो, आणि मग कुणीतरी फोन स्पीकरला जोडतं.

२०२२ चा ऑगस्ट संपत आलाय. कुंभार गल्लीत मूर्तींवरून शेवटचा हात फिरतोय, मांडवांचे बांबू उभे राहिलेत. या वर्कशॉपमध्ये मात्र आम्ही पाच जण वेगळ्याच आगमनाची वाट बघतोय. आर्क्टिक मंकीज या इंग्रजी बँडचा सातवा अल्बम येणार, असं जाहीर झालंय. नाव आहे ‘द कार’. तारीख २१ ऑक्टोबर, शुक्रवार.

ताईनं कालनिर्णय उलटून बघितलं आणि म्हणाली, “वसुबारस आहे त्या दिवशी.”

तेव्हापासून आमच्यात त्या अल्बमला कुणी ‘द कार’ म्हणालंच नाही. वसुबारसेला येणार, एवढंच.

[पडद्यावर: ओतशाळेत साच्यात ओतलं जाणारं तापलेलं लोखंड. शाहू स्टेडियम, भरलेल्या पायऱ्या.]

कोल्हापूरच्या पोरांना हा बँड आपला का वाटावा, असं लोक विचारतात. मी त्यांना शेफील्डबद्दल सांगतो. हे चौघे शेफील्डचे, गावाच्या कडेच्या हाय ग्रीन भागात वाढलेले. शेफील्ड म्हणजे पोलादाचं गाव. हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली तिथल्याच प्रयोगशाळेत न गंजणारं पोलाद बनवलं, आपल्या घरातल्या ताट-वाट्यांचं मूळ तिथे सापडतं. आणि फुटबॉल? १८५७ साली सुरू झालेला शेफील्ड एफसी हा जगातला सर्वात जुना फुटबॉल क्लब मानला जातो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या ओतशाळांत ज्यांचे वडील घाम गाळून घरी आले, आणि ज्यांच्या पेठेनं त्यांचा फुटबॉल संघ जन्माआधीच ठरवून टाकला, त्यांना असलं गाव परकं वाटत नाही.

दोन्ही गावांच्या फुटबॉल संघांबद्दल वर्कशॉपच्या मालकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत ऐका.

“आपल्याकडं पाटाकडील नि दिलबहार, तिकडं युनायटेड नि वेन्सडे. फरक काय हाय सांग की मर्दा.”

[पडद्यावर: राजारामपुरीतली एक गल्ली, रात्र.]

मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते २००७ साली, राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत. तासाला पंधरा रुपये. गाणं उतरवायला टाकायचं आणि ती निळी पट्टी पुढे सरकताना बघत बसायचं. वेळ संपला की अर्धवट उतरलेलं गाणं तिथेच सोडून उठायचं. पहिला अल्बम असा आठवडाभरात जमवला, पेनड्राइव्हवर घातला, आणि तो पेनड्राइव्ह निम्म्या कॉलेजात फिरला.

पुढे कळलं की खुद्द त्यांचंही असंच झालं होतं. २००२ साली बँड सुरू केल्यावर कार्यक्रमाला येणाऱ्यांना ते घरच्या घरी केलेल्या सीडी फुकट वाटायचे. लोकांनी त्या इंटरनेटवर चढवल्या. रेकॉर्ड बाजारात यायच्या आधीच प्रेक्षकांना शब्द पाठ. जानेवारी २००६ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा ब्रिटनमध्ये एका आठवड्यात ३,६३,७३५ प्रती खपल्या. हातोहात पोचलेल्या संगीताची ही ताकद. आमचा तो पेनड्राइव्ह त्याच साखळीचा एक लहानसा दुवा होता, असं मी आजही मानतो.

[पडद्यावर: वर्कशॉप. चहाचे ग्लास. पाच जण, फोन मध्ये ठेवलेला.]

आता भांडणाकडे येऊ.

२०१३ साली त्यांचा ‘एएम’ हा अल्बम आला. जड, संथ, गिटारच्या एकेका फटक्यावर मान हलावी असा. वर्कशॉपचा मालक तेव्हा आयटीआयला होता. त्यातल्या पहिल्याच गाण्याची धून वाजवायला त्यानं गिटार घेतली, तीच ही भिंतीला टेकवलेली. त्यानंतर पाच वर्षं काही नाही. मे २०१८ मध्ये पुढचा अल्बम आला, तोही आधी एकही गाणं न सोडता, थेट सगळाच्या सगळा. चंद्रावरच्या एका हॉटेलची कल्पना, पियानोवर बांधलेल्या चाली. गायक आणि गीतकार अ‍ॅलेक्स टर्नरला तिसाव्या वाढदिवसाला त्याच्या मॅनेजरनं पियानो भेट दिला होता. त्या पियानोपाशी बसून त्यानं ती गाणी लिहिली.

गिटार जवळजवळ गप्प. आमच्यात तट पडले ते तिथेच.

मालक म्हणतो, “ओतकाम एकसंध पाहिजे. मधी हवा राहिली की पीस रिजेक्ट. ‘एएम’ एकसंध हाय. त्याच्या म्होरचं नुसतं पोकळ वाटतं मला.”

ताई, म्हणजे अकरावी-बारावीचे गणिताचे क्लास घेणारी आमची मैत्रीण, या जुन्या वादात दुसऱ्या टोकाला उभी आहे. आधीच्या गाण्यांत टर्नर इतक्या घाईनं बोलायचा की त्याचे शब्द नीट ऐकूच यायचे नाहीत, असं तिचं म्हणणं. “आता तो थांबतो. थांबल्यावर कळतं की हा माणूस काय लिहितोय.” तिनं २०१८ चा अल्बम टाळेबंदीच्या महिन्यांत, गच्चीवर फेऱ्या मारत ऐकला. रिकाम्या शहरात, रिकाम्या हॉटेलाची गाणी. ती त्याबद्दल फार बोलत नाही, पण त्या अल्बमला कुणी नाव ठेवलं की तिचा आवाज चढतो.

तिसरा गडी तालमीच्या पथकात हलगी वाजवतो. त्याला गिटारशी देणंघेणं नाही आणि पियानोशीही नाही. त्याचा देव ड्रमर मॅट हेल्डर्स. त्याचा मुद्दा मला या सगळ्या वादात सर्वात मोलाचा वाटतो. तो म्हणतो, पहिल्या अल्बमात हेल्डर्स धावतो, हात थांबतच नाही. आता तो एकेक ठोका राखून ठेवतो. “गर्दीत वाजवायला दम लागतो. मोकळी जागा वाजवायला काळीज लागतं.”

चौथा वकिलीचं शिकतो. त्यानं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की यातलं एकही गाणं आधी ऐकणार नाही. आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर घरात आहे. त्यावर मोठी तबकडी लावून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकाच बैठकीत ऐकणार. तबकडी बाहेरून मागवली आहे. ती कधी पोचेल देव जाणे.

[पडद्यावर: फोनवरचं हलतं, धूसर चित्रीकरण. गर्दीचा आवाज.]

ऑगस्टमध्येच त्यांनी झुरिकच्या एका महोत्सवात नव्यातलं एक गाणं वाजवलं. कुणाच्या तरी फोनवरून ते आमच्यापर्यंत आलं. निम्मा आवाज गर्दीचा, पण त्यात एक लचकती, झटके देणारी गिटार ऐकू येत होती. मालकानं ते वीस वेळा लावलं असेल. वकील बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला, कानात बोटं घालून.

मग गणेश चतुर्थीच्या तोंडावर पहिलं गाणं अधिकृतपणे आलं. सुरुवातीला बराच वेळ शब्दच नाहीत. पियानो, मग तारवाद्यांचा ताफा, जुन्या सिनेमाची नावं पडद्यावर सरकत असावीत तसा. त्याच्या चित्रफितीतलं चित्रण टर्नरनं स्वतः, १६ मिलिमीटरच्या फिल्म कॅमेऱ्यावर केलेलं. बाबूराव पेंटरांनी जिथे स्वतः कॅमेरा जुळवून सिनेमे काढले, त्या गावात बसून आम्ही ते बघत होतो. गाणं संपल्यावर मालक उठून शटर ओढायला गेला. एक शब्द बोलला नाही.

नवरात्रात, अंबाबाईच्या दर्शनाची रांग भवानी मंडपापलीकडे पोचली होती तेव्हा, दुसरं गाणं आलं. हेही मऊ सुरात सुरू होतं. पण शेवटाकडे जाता जाता गिटार अशी काही उसळते, की आमच्या वर्कशॉपमध्ये दोन्ही बाजूंनी एकदमच आरडाओरडा झाला. “बघ, परत आली!” मालक ओरडला. “अगं नाही, ती गाण्याच्या आत आलीय, गाण्याच्या वर नाही!” ताई त्याहून जोरात. एका मिनिटाच्या त्या तुकड्यावर रात्री साडेअकरापर्यंत भांडण चाललं.

[पडद्यावर: देवल क्लबची इमारत, सकाळचं ऊन.]

मला इथे थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण या वादात मी कुठे आहे ते तिच्यावाचून कळणार नाही.

गायन समाज देवल क्लब १८८३ पासूनचा. या गावात गाण्यावर वाद घालायची परंपरा आपल्या पिढीची नाही. शाहू महाराजांच्या दरबारात गवई होते अल्लादिया खाँ. तरुणपणी, एका संस्थानात असताना, अति गाण्यानं त्यांचा आवाज गेला. बराच काळ गाणंच बंद. पुढे आवाज परतला, पण तो पूर्वीचा नव्हता. मग त्यांनी पूर्वीसारखं गाण्याचा हट्ट धरला नाही. त्या बदललेल्या गळ्याला जे पेलेल ते गाणं नव्यानं बांधलं. पेचदार, तिरक्या तानांची, लयीशी गुंतलेली ती गायकी पुढे जयपूर-अत्रौली घराणं म्हणून देशभर मानली गेली. त्यांचा जुना आवाज ऐकलेले लोकही तेव्हा असतीलच. त्यातल्या कुणाला जुनंच बरं वाटलं असेल, आणि त्याचं तसं वाटणंही खोटं नव्हतं.

खाँसाहेबांची आणि इंग्लंडातल्या एका बँडची बरोबरी मी करत नाही. पण वीस वर्षांचा पोरगा ज्या आवाजात शनिवार रात्रीच्या गोष्टी सांगत होता, त्याच आवाजात छत्तिसाव्या वर्षी त्यानं गावं अशी मागणी मला करवत नाही. मी ताईच्या बाजूचा आहे. आणि तरी मालकाच्या तोंडाकडे बघितलं की मला त्याचंही पटतं. त्याच्यापाशी ती गिटार आहे. ज्या गाण्यासाठी ती घेतली, तसं गाणं पुन्हा येत नाही, हे त्याचं दुःख खरं आहे.

[पडद्यावर: २० ऑक्टोबर, रात्र. महाद्वार रोडवर आकाशकंदील, पणत्यांचे ढीग.]

अल्बमचं बरंचसं ध्वनिमुद्रण २०२१ च्या उन्हाळ्यात झालं. सफक परगण्यातल्या बटली प्रायरी नावाच्या जुन्या मठात, निर्माता जेम्स फोर्डसोबत. त्याच वर्षीच्या जुलैत आपल्याकडे पंचगंगेनं शहरात पाणी आणलं होतं. हलगीवाल्याच्या घरात गुडघाभर. त्याला हे सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “म्हंजे आमी गाळ काढत हुतो तवा त्यो वाजवत हुता.” आणि का कुणास ठाऊक, त्याला त्याचा आनंद झाला.

मध्यरात्री बारा वाजता आम्ही चौघे वर्कशॉपमध्ये. वकील अर्थातच नाही. मालकाची धाकटी बहीण मात्र हेडफोन घालून कोपऱ्यात. तिचीही रात्र महत्त्वाची. टेलर स्विफ्टचा ‘मिडनाइट्स’ त्याच शुक्रवारी येणार होता, आणि घरात ब्लूटूथ स्पीकर एकच. दादा म्हणून त्यानं सकाळी तो तिला द्यायचं कबूल केलं होतं.

दहा गाणी, जेमतेम सदतीस मिनिटं. मुखपृष्ठावर हेल्डर्सनं काढलेला फोटो, एका इमारतीच्या माथ्यावरच्या वाहनतळात उभी असलेली एकटी पांढरी गाडी. ऐकताना कुणी फोन बघितला नाही. तिसऱ्या गाण्यात जमिनीखालून यावा तसा एक खर्ज सुरू झाला तेव्हा हलगीवाल्यानं हात वर केला, कुणी बोलू नये म्हणून. शेवटचं गाणं अगदी लहान, आणि ते संपतं तेव्हा खोलीतून कुणीतरी हळूच उठून गेल्यासारखं वाटतं.

ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. मालक म्हणाला, “तारा लई गोड लावल्यात. पण माझा बँड कुठं हाय ह्यात?” आणि मग पुढचे दोन तास.

[पडद्यावर: गंगावेस, दूध कट्टा, वसुबारसेची संध्याकाळ.]

संध्याकाळी घराघरांत सवत्स गाईची पूजा झाली. आम्ही दूध कट्ट्यावर भेटलो. समोर धार काढली जातेय, फेसाळ ग्लास हातात, आणि भांडण सकाळी जिथे सुटलं होतं तिथूनच पुढे.

पुढच्या शुक्रवारी ब्रिटनमधल्या अल्बमच्या खपाची यादी आली. स्विफ्ट पहिली, ‘द कार’ दुसरा. आधीचे सहाच्या सहा अल्बम तिथे पहिल्या क्रमांकावर गेलेले, हा पहिलाच अपवाद. बहिणीनं दादाला पेढा भरवला. त्यानं तो खाल्ला.

[पडद्यावर: जुन्या घराची माडी, नोव्हेंबर. रेकॉर्ड प्लेअर, बाजूला फाडलेला खोका.]

तबकडी आली नोव्हेंबरात. वकिलानं इतके दिवस कान कसे सांभाळले ते त्यालाच माहीत. त्यानं आम्हा सगळ्यांना बोलावलं, एकाच अटीवर. कुणी तोंड उघडायचं नाही.

आजोबांच्या प्लेअरवरची धूळ त्यानं धोतराच्या मऊ फडक्यानं पुसली. सुई ठेवली. थोडी खरखर, मग तो पियानो.

आम्ही चौघांनी तो पन्नास वेळा तरी ऐकला असेल. त्या दुपारी आम्ही गाणं ऐकतच नव्हतो, त्याचं तोंड बघत होतो. मालक पुढे झुकून, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर. ताई ओठ घट्ट मिटून. पाचवं गाणं आलं, तेच नवरात्रातलं. गिटार उसळली. वकिलानं डोळे मिटले होते, ते मिटलेलेच राहिले.

सुई कडेला येऊन खरखरू लागली.

“बोल की,” मालक म्हणाला.

तो उठला. तबकडी दोन्ही तळव्यांत उचलली, उलटी केली, आणि दुसरी बाजू लावली.